दगड लावला का, मास्तर?

जयवंत,

तुझ्या दहाव्याला डहाणूच्या किनाऱ्यावर बसलो होतो. माझ्या मागे दोन टेम्पोवाले हलक्या आवाजात तुझ्याबद्दल बोलत होते, आणि चांगलंच बोलत होते. एक म्हणाला, ब्रेकच्या कामाला जयवंतभाईसारखा माणूस डहाणू-तलासरीत दुसरा झाला नाही. दुसऱ्याने हुंकार भरला आणि वर पुस्ती जोडली, की एवढा कारागीर, पण त्या दिवशी चाकाला दगड नीट लावला नाही आणि बोटं घालवून बसला. शहाण्याच्याही हातून चूक होते. पहिल्याने मान डोलावली. समोर पिंड मांडला होता आणि कावळा काही शिवत नव्हता.

तुझ्या धाकट्या भावाने, हेमूने, हात जोडून सांगितलं, दादा, गॅरेज मी सांभाळतो. कावळा नाही. तुझ्या मेहुण्याने शैलावहिनींची जबाबदारी घेतली. तरी नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले, की याचं राहिलंय तरी काय. मला माहीत होतं काय राहिलंय ते. मी वाळूत काडीने रेघा ओढत बसलो. शेवटी एक कावळा शेजारच्या वलांडीवर वाळत टांगलेले बोंबील सोडून आला, पिंडाला चोच मारून गेला, आणि मंडळी सुटल्यासारखी उठली. मी विज्ञानाचा मास्तर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी तो कावळा माझ्यामुळेच खोळंबलाय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

तू दगड नीट लावला नाहीस, असं गेली तीन वर्षं तलासरीचा सगळा नाका म्हणतो. तू तो लावलाच नव्हतास. लावायला मला सांगितला होतास. ही गोष्ट सांगायला मला तीन वर्षं मिळाली होती, आणि तुला ठाऊक आहे, सांगण्याच्या बाबतीत मी काही मागे राहणारा माणूस नाही. माझ्या मूर्खपणाच्या इतर सगळ्या गोष्टी मी न विचारता सांगत आलो. ही तेवढी राहिली.

आपली ओळखसुद्धा माझ्या मूर्खपणातूनच झाली. दोन हजार चौदाच्या गणपतीत. मी नुकताच तलासरीला बदलून आलो होतो आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली होती. घरी दीड दिवसाचा गणपती. विसर्जन डहाणूला समुद्रात करू म्हणून मी घरच्यांना गाडीत घातलं आणि निघालो. भरती-ओहोटीचा हिशोब मला पाठ होता. तिथीची पाऊणपट करायची की वेळ निघते. पंचमी होती. पाचाची पाऊणपट, पावणेचार. गणित चोख होतं. फक्त पावणेचार ही वेळ पूर्ण भरतीची, की पूर्ण ओहोटीची, एवढंच मी विसरलो होतो, आणि विसरलोय हे लक्षात न आल्यामुळे ओहोटीची धरून चाललो.

अडीच वाजता मी गाडी सरळ ओल्या वाळूवर घातली, जितकी पाण्याजवळ नेता येईल तितकी. बोंबील टांगणारी एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, पाणी चढतंय." मी म्हटलं, "मावशी, उतरतंय." ती म्हणाली, चढतंय. मी तिला पाऊणपटीचा नियम समजावून सांगितला. तिने माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि माझ्याशी वाद घालायचं काम समुद्रावर सोपवून आपल्या बोंबलांकडे वळली.

आरती होईपर्यंत पाणी चाकांच्या वर आलं. बाप्पांचं विसर्जन यथासांग झालं, गाडीचं थोडक्यात हुकलं. तू किनाऱ्यालगतच्या तुझ्या आळीतली आठ माणसं आणि होडीचा दोर घेऊन आलास. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून गाडीच्या मागे दोर बांधलास. गाडी वर आल्यावर, धाप लागलेली असताना तू विचारलंस, काय करता? म्हटलं, शिक्षक आहे. काय शिकवता? विज्ञान. तू वाळूत बसलास. हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "भरती-ओहोटीचा धडा पण तुम्हीच घेता?" म्हणालास. माझी बायको तेव्हापासून तुझ्या बाजूची झाली ती कायमची.

निघताना तू बजावलंस, की घरी जाऊन आजच्या आज गाडी गोड्या पाण्याने धुवा, वरून नाही, खालून; चाकं काढून आतून धुवा, नाहीतर मीठ लोखंड खाईल. मी गाडी धुतली. वरून. अशी चमकवली की शेजाऱ्यांना वाटलं नवीन घेतली. चाकांच्या आत बघायची मला गरज वाटली नाही. लोखंड कसं गंजतं हे तर मी दर वर्षी फळ्यावर समीकरणासकट लिहितो. मला काय कोणी सांगावं.

ती गोष्ट मी पुढे किती ठिकाणी सांगितली असेल. शाळेत, बारशात, बँकेच्या रांगेत. तुझ्या गॅरेजसमोर कांतीभाईच्या चहाच्या बाकावर तर ती माझी हुकमी वस्तू झाली. म्हातारीचा आवाज काढायचो, लाट कशी आली ते दोन्ही हातांनी दाखवायचो. तू गाडीखालून ओरडायचास, "मास्तर, आज लाट केवढी?" कारण दर वेळी ती फूटभर वाढायची. तू स्वतःचीही थट्टा तितकीच करायचास. मासेमाराच्या घरात जन्मून तुला बोट लागायची, म्हणून समुद्र सोडून गॅरेज टाकलंस. आमच्यात मीच एक असा की मला मासा ओळखतो आणि हसतो, म्हणायचास. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. तू मला 'मास्तर'च म्हणत राहिलास, पण एकेरीत.

माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला तेव्हा मी पहिला उपाय केला तो रेडिओ मोठा करण्याचा. त्यावर वर्ष काढलं. मग ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायला लागली. हँडब्रेक तर कधीचाच मेला होता. तोही खारं पाणी प्यायला होता. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, शाळेच्या परीक्षा आटोपल्यावर, गाडी तुझ्याकडे आणली. तू चाक काढलंस आणि बराच वेळ नुसता बघत बसलास. चाकामागे तव्यासारखी लोखंडी डिस्क असते, ब्रेक तिलाच आवळतात. ती मागच्या हबवर, म्हणजे चाक ज्या भागावर फिरतं त्यावर, नुसती बसवलेली असते, बोट लावलं तर निघावी. माझी डिस्क हबला अशी चिकटली होती की दोन वस्तू आहेत असं कोणी म्हटलं नसतं. तू विचारलंस, "आतून धुतली होतीस ना?" मी म्हटलं, थोडीफार. तू कडेने डिझेल सोडलंस आणि म्हणालास, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी तू जेवायला गेलास आणि मी हातोडा उचलला. सगळ्यांनाच हातोडा हे उत्तर वाटतं, तुला वाटायचं नाही. मी डिस्कच्या कडेवर सर्व ताकदीनिशी एक घाव घातला. डिस्क जागची हलली नाही. हातोडा उसळला आणि माझ्याच गाडीच्या हेडलाइटमधून आत गेला. तू परत आलास तेव्हा मी काचा वेचत होतो. त्यावरून आपलं वाजलं. मी म्हटलं, तुझ्या डिझेलने आठ दिवस जातील. तू म्हणालास, घाव घालून गंज सुटत नाही, फक्त राग निघतो. मी आघात आणि दाब यांच्यातला फरक समजावायला लागलो. तू हेडलाइटच्या भोकाकडे बोट दाखवलंस. वाद तिथेच राहिला, पण तू चिडला होतास. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला न हसता म्हणालास, "मास्तर, तुझं तोंड चालू असलं की तुझे हात सुट्टीवर असतात."

तिसरा दिवस. तू ठरवलं होतंस, आज निघणार. डिस्कला आटे असलेली दोन भोकं असतात. त्यांत दोन बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने पाव-पाव फेरा पिळायचे. बोल्टचं टोक मागच्या हबला टेकतं आणि डिस्क आपसूक पुढे ढकलली जाते. जपून. एक बाजू जास्त पिळली की डिस्क तिरकी अडकते, नाहीतर बोल्ट मोडतो. तू गाडी जॅकवर चढवलीस. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवलंस, म्हणजे जॅक दगा देईल तर गाडी त्यावर टेकेल. डिस्क निसटून पायावर पडू नये म्हणून तिच्या खाली एक लाकडी ठोकळा ठेवलास. आणि मला म्हणालास, मागच्या चाकाला दगड लाव.

तुझ्या गॅरेजसमोरची जमीन रस्त्याकडे उतरती. हँडब्रेक मेलेला. पुढचं एक चाक हवेत, म्हणजे गिअरचाही भरवसा नाही. त्या गाडीला जागेवर धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मागच्या चाकापुढचा दगड. जॅक चढवताना तूच चाकाला टाच लावून गाडी धरली होतीस आणि मी दगड घेऊन येईपर्यंत गाडी जॅकच्या पायावर कशीबशी तोललेली होती. हे तू मला समजावून सांगितलं नाहीस, कारण विज्ञानाच्या मास्तराला ते काय सांगायचं.

दगड कांतीभाईच्या बाकाशी पडला होता. सकाळी कोणीतरी टेम्पोला लावायला नेला होता. मी गेलो आणि तो उचलला. चांगला नारळाच्या दुप्पट, काळा. वळणार तेवढ्यात कांतीभाई म्हणाला, "मास्तर, आ भाई नवा छे, आने पेलो गणपतीवाळो किस्सो कहो ने." वापीकडचे तीन ड्रायव्हर बसले होते. मी म्हटलं, नंतर. त्यांनी म्हटलं, सांगा ना. मी म्हटलं, थोडक्यात सांगतो.

जयवंत, मी कधी थोडक्यात सांगितलंय?

हातात दगड होताच. त्याचाच गणपती केला. दोन्ही हातांनी छातीशी धरून वाळूवरून कसा चाललो ते दाखवलं. म्हातारीचा आवाज काढला. ड्रायव्हर हसायला लागले. लाटेच्या वेळी हात मोकळे हवेत म्हणून दगड बाकाच्या पायाशी ठेवला. "हे झालं विसर्जन," म्हटलं. ते जास्तच हसले. आणि तिकडून, वीस पावलांवरून, गाडीआडून तुझा आवाज आला.

"दगड लावला का, मास्तर?"

मी वळलोसुद्धा नाही. "लावला, लावला," म्हटलं, आणि लाट आणायला हात वर केले.

ते खोटं होतं हे मला बोलताना कळलं का, यावर मी तीन वर्षं विचार केलाय. कळलं होतं. कुठेतरी कळलं होतं. पण गोष्ट ऐन रंगात आली होती, आणि वाटलं, एवढी लाट संपवतो आणि लावतो. अर्ध्या मिनिटाचा प्रश्न.

तू उठून बघायला आला नाहीस. एरवी तू स्वतःच्या भावाने आवळलेला नटसुद्धा पुन्हा पाना लावून बघायचास. त्या दिवशी बघितलं नाहीस, कारण हो मी म्हटलं होतं.

तुझ्या पान्याचा आवाज येत होता. किर्र, थांबणं, किर्र. मी लाटेवर होतो. मग तो आवाज आला, टण्णकन, देवळातल्या घंटेवर कोणी दगड हाणावा तसा. डिस्क सुटली. त्या हिसक्याने गाडी हलली. मी वळून बघितलं तेव्हा माझी पांढरी गाडी अगदी सावकाश, कोणाची घाई नसल्यासारखी, रस्त्याकडे निघाली होती. हातभर गेली. जॅक कलंडला. गाडी खाली बसली.

तू ओरडला नाहीस. मला वाटलं वाचलास. धावत आलो तेव्हा दिसलं, गाडी आडव्या चाकावर टेकली होती म्हणून तुझा खांदा वाचला होता. पण सुटत आलेली डिस्क तू उजव्या हाताने खालून धरली होतीस, आणि तिच्या नि लाकडी ठोकळ्याच्या मध्ये तुझी बोटं होती. तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. "उचला," एवढंच म्हणालास. त्या तीन ड्रायव्हरांनी, कांतीभाईने आणि मी गाडी हातांवर उचलली. मी तुझ्याकडे बघायचं टाळत होतो आणि तू तुझ्या हाताकडे.

तुला टेम्पोत घालून डहाणूला नेलं. मी म्हटलं, मी शटर ओढून येतो. शटर ओढलं. मग बाकाशी गेलो, दगड उचलला आणि नेऊन गाडीच्या मागच्या चाकाजवळ टाकला. चाकापासून वीतभर दूर, जणू लावला होता आणि निसटला. हे मी का केलं, ते मला विचारू नकोस. पाय आपोआप गेले, असं म्हणावंसं वाटतं, पण दगड जड होता आणि तो मी दोन्ही हातांनी नेला. कोणी बघितलं नाही; कांतीभाई आणि ड्रायव्हर तुझ्याबरोबर टेम्पोत गेले होते, ते वापीकडचे पुन्हा फिरकले नाहीत, आणि कांतीभाईला माझ्या हातातला दगड गोष्टीपुरताच वाटला होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझ्या हाताला पट्ट्या बांधल्या होत्या. एक बोट पेरापासून काढावं लागणार होतं, दुसरं राहील पण वाकणार नाही, असं सांगितलं होतं. हेमू तुझ्या उशाशी उभा होता. हेमूचा राग तुलाही माहीत आणि मलाही. एकदा त्याने एका ट्रकवाल्याला स्पॅनर घेऊन पेट्रोलपंपापर्यंत पळवला होता. मी तुझ्यासाठी शहाळं घेऊन गेलो होतो. ते हातात घेऊन पायथ्याशी उभा राहिलो.

हेमू म्हणाला, "दादा, दगड कोणी लावला होता?"

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. छताकडे बघत म्हणालास, "मी."

"तू?"

"मीच. घाईत लावला. नीट बसला नसेल."

जयवंत, त्या क्षणी मी एक शब्द बोललो असतो तर पुढची तीन वर्षं वेगळी झाली असती. फार तर हेमूने मला दवाखान्यातच पाडला असता. तो दवाखानाच होता, गैरसोय झाली नसती. मी शहाळं कपाटावर ठेवलं आणि म्हणालो, विश्रांती घे.

तुला काय वाटत होतं? मास्तरने दगड लावला, पण वेडावाकडा लावला, आणि बिचाऱ्याला हेमूच्या हातून वाचवू या, असंच ना? की तुला ठाऊक होतं, की तो लावलाच नव्हता? तू मला कधी विचारलं नाहीस आणि मी उत्तर तयार ठेवून थकलो.

नंतर तू डाव्या हाताने पाना धरायला शिकलास. तीन महिन्यांत काम पहिल्यासारखं करायला लागलास. पण नाक्याने ती गोष्ट सोडली नाही. ड्रायव्हर गाडी लावता लावता हाक द्यायचे, "जयवंतभाई, दगड?" तू हसून म्हणायचास, लावलाय बाबा, ये, बघून घे. दोघा-तिघा मालकांनी गाड्या पालघरच्या बाजूला न्यायला सुरुवात केली. ब्रेकचं काम म्हणजे भरवशाचं काम; ज्याला स्वतःच्या चाकाला दगड लावता येत नाही, त्याच्या हातात आपली गाडी कशाला, असं एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. मी त्याला म्हटलं, जयवंतसारखा माणूस शोधून सापडणार नाही. केवढा धीट मी. तुझं कौतुक करायला मी कधी घाबरलो नाही.

तू पुन्हा कधी कोणाच्या 'हो'वर विसंबला नाहीस. स्वतः उठून जायचास, पायाने दगड ठोकून बघायचास. आणि मला तू पुन्हा कधी दगड लावायला सांगितला नाहीस. ते माझ्या लक्षात आलं होतं.

एकदा, तू जायच्या आदल्या हिवाळ्यात, आपण चारोटीला गेलो होतो, तुझ्या कसल्याशा सामानासाठी. एका टपरीवर मिसळ खात होतो. तू पाव मोडता मोडता म्हणालास, "मास्तर, ती गणपतीची गोष्ट तू हल्ली सांगत नाहीस."

मी म्हटलं, "जुनी झाली."

"बरं," म्हणालास. मग तर्रीत लिंबू पिळलंस, त्या दोन बोटांनी जमेल तसं, आणि कोसबाडच्या कोण्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची गोष्ट काढलीस. तेवढी एक फट तू माझ्यासाठी उघडून धरली होतीस, असं मला आता वाटतं. आत शिरायला मला तीन शब्द पुरले असते. मी तर्री अजून मागवली.

तेराव्यानंतर मी शैलावहिनींना भेटायला गेलो. त्या ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. गोष्ट, दगड, बाक, शटर, शहाळं. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. मी विचारलं, जयवंतला माहीत होतं का. त्या म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही." मी पुढे बोलायला गेलो, त्यांनी थांबवलं.

"मास्तर, तुम्ही आता हलके झालात. माझ्या नवऱ्याचं नाव अजून तिथे नाक्यावरच पडलंय. मला सांगून काय होणार? जिथे त्यांना हसले तिथे सांगा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, नाका भरलेला असताना, मी कांतीभाईच्या बाकाशी उभा राहिलो. हेमू समोर एका जीपचं काम करत होता. मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, एक गोष्ट सांगायची आहे, सगळ्यांनी ऐका. आणि इथे माझ्या आयुष्यभराच्या सवयीने मला धरलं. मला ती मधूनच सांगता येईना. दगड हातात का होता हे सांगायला गणपती हवा, गणपती सांगायला समुद्र हवा. मी पावणेचारपासून सुरुवात केली. लोक हसायला लागले. मी म्हातारीचा आवाज न काढता म्हातारीचं वाक्य सांगितलं, तरी हसले. कांतीभाईने तर आधीच मांडीवर थाप मारली. मी हसणाऱ्या तोंडांकडे बघत पुढे पुढे जात होतो आणि हे सगळे हसत हसत कुठे येऊन पोचणार आहेत ते फक्त मला माहीत होतं.

"मग जयवंतने विचारलं, दगड लावला का, मास्तर? आणि मी म्हटलं, लावला. दगड इथे होता. या बाकाच्या पायाशी."

कोणीच हसलं नाही. एका पोराचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, ते त्याला पुसता येईना. मग मी शटरचं सांगितलं. दगड उचलून नेल्याचं सांगितलं. दवाखान्याचं सांगितलं.

हेमू चिंधीला हात पुसत होता. पुसतच राहिला. मी वाट बघत होतो की आता येईल अंगावर. तो जागचा हलला नाही.

"दादा 'मी' म्हणाला होता," तो म्हणाला.

"माझ्यासाठी म्हणाला."

"आणि तुम्ही तिथेच उभे होतात."

"हो."

"शहाळं घेऊन."

"हो."

त्याने चिंधी जीपच्या बॉनेटवर ठेवली. "तुमची गाडी इथे आणायची नाही परत," म्हणाला, आणि वाकून कामाला लागला. कांतीभाईने मला चहा विचारला नाही. मीही थांबलो नाही.

त्याला आता आठवडा होऊन गेला. गाडी घरी उभी असते; मी एस.टी.ने जातो. थांबा गॅरेजच्या बाजूलाच, म्हणजे नाक्यावर रोज उभं राहावंच लागतं. कोणी बोलत नाही, कोणी टाळतही नाही. काल सकाळी हेमूकडे भरूचकडचा एक ट्रकवाला आला होता. कोणीतरी त्याला तुझ्या हाताबद्दल काही सांगितलं असावं, कारण तो विचारत होता, ते दगडाचं काय झालं होतं. हेमूने त्याला अर्ध्या गुजरातीत सांगायला घेतलं.

वाईट सांगत होता, जयवंत. त्याला गोष्ट सांगता येत नाही. समुद्र त्याने दोन वाक्यांत उरकला. म्हातारी गाळली. लाट तर आलीच नाही. मग तो म्हणाला, दादाने विचारलं, दगड लावला का, मास्तर म्हणाले, लावला, आणि लावला नव्हता. दादाची काही चूक नव्हती. पुढे म्हणाला, "ने मास्तर तो भागी गयो."

मी पळालो नव्हतो. हे तुला माहीत आहे. गाडी उचलायला मी होतो. सांगावंसं वाटलं, अगदी जिभेवर आलं. पण आयुष्यात पहिल्यांदाच माझी फजिती दुसरं कोणी सांगत होतं, आणि त्यात काही का चुकेना, तुझं नाव बरोबर जागी होतं. माझी एस.टी. येऊन उभी राहिली. कंडक्टरने दोनदा विचारलं, मास्तर, येताय ना? मी हाताने नको म्हटलं. हेमू अजून तुझ्या हातापर्यंत पोचायचा होता.